एक्स्चेंज सर्व्हरचे मेलबॉक्स डेटाबेस कमांडवरून सांभाळताना

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या वेब कन्सोलमध्ये डेटाबेसचं पान दिसायला छान आहे, पण मध्यरात्री डेटाबेस डिसमाउंट झाला (म्हणजे बंद पडला) की त्या पानावर कामाचं फारसं काही सापडत नाही. खरी माहिती शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, असते, त्यामुळे शेलची सवय शांत दिवसांतच करून ठेवावी. हा लेख एक्स्चेंज २०१६, २०१९ आणि सबस्क्रिप्शन एडिशनसाठी आहे. पहिल्या दोघांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मात्र खालच्या कमांड तिन्हींत सारख्याच चालतात. उदाहरणात एकच सर्व्हर धरला आहे. डॅग (डेटाबेसच्या प्रती एकाहून अधिक सर्व्हरवर ठेवणारा गट) असेल तिथे काय बदलतं ते त्या त्या जागी सांगितलं आहे.

लिपीबद्दल एक सूचना. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतच करायच्या आणि जोडून लिहिलेले शब्द जोडूनच ठेवायचे. ‘ई००’ म्हणजे ई हे अक्षर आणि पुढे दोन शून्यं.

कीर्द आणि खतावणी

पुढचं सगळं नीट समजायला एक गोष्ट पक्की हवी: डेटाबेस म्हणजे नुसती ईडीबी फाइल (जिच्यात मेलबॉक्स साठवलेले असतात ती) नव्हे. जुन्या पेढीवर व्यवहार आधी कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, उतरायचा आणि सवडीने खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, जायचा. एक्स्चेंजही तसंच करतं. आलेली मेल, हललेला फोल्डर, वाचल्याची खूण, प्रत्येक बदल आधी ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये लिहिला जातो. हे लॉग १ एमबीच्या फाइलींत असतात. ईडीबीमध्ये तो बदल नंतर उतरतो. खतावणी कुठवर झाली त्याची खूण ई००.सीएचके या चेकपॉइंट फाइलमध्ये असते. सर्व्हर अचानक बंद पडला तर कीर्दीत असलेल्या पण खतावणीत न गेलेल्या नोंदी उरतात, आणि त्या लॉग फाइली कोणी ‘जागा खातात’ म्हणून डिलीट केल्या असतील तर खतावणी अर्धवटच राहते. एक्स्चेंजवरचे बहुतेक मोठे अपघात इथूनच सुरू होतात.

आधी पाहणी

एक्स्चेंज मॅनेजमेंट शेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. साध्या पॉवरशेलमध्ये स्नॅप-इन लोड करूनही कमांड चालतात, पण त्यात कोणाला काय करता यावं याचे नियम बाजूला पडतात आणि मायक्रोसॉफ्ट ती पद्धत सपोर्ट करत नाही. ती सवय नकोच.

गेट-मेलबॉक्सडेटाबेस -स्टेटस | एफटी नेम, माउंटेड, डेटाबेससाइज, अव्हेलेबलन्यूमेलबॉक्सस्पेस, लास्टफुलबॅकअप

‘-स्टेटस’ विसरलात तर नाव येतं आणि बाकीचे रकाने रिकामे दिसतात. डेटाबेस डिसमाउंट आहे किंवा बॅकअप कधीच झालेला नाही असं वाटून नवखा माणूस घाबरतो. स्टेटस मागितल्याशिवाय शेल सर्व्हरला विचारत नाही, फक्त ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली (नेटवर्कची सामाईक नोंदवही) नोंद वाचून दाखवतं.

या पाच रकान्यांत सगळ्यात मोलाचा शेवटचा. शेवटचा पूर्ण बॅकअप चार दिवसांपूर्वीचा असेल आणि मध्ये इन्क्रिमेंटलही (फक्त नव्या बदलांचा बॅकअप) झालेला नसेल तर चार दिवसांचे लॉग डिस्कवर साचलेले आहेत, कारण एक्स्चेंजची जाण असलेला पूर्ण किंवा इन्क्रिमेंटल बॅकअप यशस्वी झाल्यावरच जुने लॉग कापले, म्हणजे डिस्कवरून काढले, जातात. ‘अव्हेलेबलन्यूमेलबॉक्सस्पेस’ म्हणजे ईडीबीच्या पोटातली रिकामी जागा. लोकांनी ४० जीबी मेल उडवली तरी फाइल ४० जीबीने लहान होत नाही. ती जागा आतच मोकळी राहते आणि नव्या मेलसाठी वापरली जाते.

नवा डेटाबेस

डेटाबेसच्या डिस्कला फॉरमॅट करताना ॲलोकेशन युनिट ६४ केबी ठेवा. एकट्या सर्व्हरवर ईडीबी आणि लॉग वेगवेगळ्या डिस्कवर असावेत, म्हणजे एक डिस्क गेली तरी बॅकअप अधिक लॉग या हिशेबाने शेवटच्या क्षणापर्यंत परत येता येतं. आकारमानाबाबत मायक्रोसॉफ्टचा सल्ला असा: प्रती नसतील तर २०० जीबीपर्यंत, डॅगमध्ये प्रती असतील तर २ टीबीपर्यंत. हा सल्ला डेटाबेसच्या ताकदीवर बेतलेला नाही. बॅकअपमधून परत आणायला किती तास लागतील याचा तो हिशेब आहे. स्टँडर्ड एडिशनमध्ये एका सर्व्हरवर ५ डेटाबेस माउंट करता येतात, एंटरप्राइजमध्ये १००.

न्यू-मेलबॉक्सडेटाबेस -सर्व्हर ईएक्स०१ -नेम डीबी०२ -ईडीबीफाइलपाथ डी:\डीबी०२\डीबी०२.ईडीबी -लॉगफोल्डरपाथ ई:\डीबी०२

यानंतर शेल इन्फर्मेशन स्टोअर ही डेटाबेस चालवणारी सर्व्हिस रीस्टार्ट करायला सांगतं. तसं न केल्यास स्टोअर नव्या डेटाबेससाठी मेमरीची नवी वाटणी करत नाही. रीस्टार्टने त्या सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस क्षणभर बंद होतात, म्हणून हे काम ऑफिस सुटल्यावर करावं.

रीस्टार्ट-सर्व्हिस एमएसएक्स्चेंजआयएस
माउंट-डेटाबेस डीबी०२

डेटाबेस तयार केल्या केल्या माउंट केला तर बऱ्याचदा एरर येते. डोमेन कंट्रोलर (ॲक्टिव्ह डिरेक्टरी सांभाळणारे सर्व्हर) एकाहून अधिक असतील तर नवी नोंद सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटं थांबून तीच कमांड पुन्हा द्या. घाईने डेटाबेस काढून पुन्हा बनवत बसलात तर डिरेक्टरीत आणखी गोंधळ होतो.

मग कोटा, म्हणजे मेलबॉक्सच्या आकाराची मर्यादा. मूळ आकडे फार तोकडे आहेत: १.९ जीबीला इशारा, २ जीबीला पाठवणं बंद, २.३ जीबीला येणंही बंद.

सेट-मेलबॉक्सडेटाबेस डीबी०२ -इश्यूवॉर्निंगकोटा ९जीबी -प्रोहिबिटसेंडकोटा ९.५जीबी -प्रोहिबिटसेंडरिसीव्हकोटा १०जीबी

आकडा आणि जीबी यांत जागा सोडायची नाही. बदल लगेच दिसला नाही तरी कमांड पुन्हा पुन्हा देऊ नका. स्टोअर हे आकडे काही वेळ स्वतःजवळ धरून ठेवतं. ज्या मेलबॉक्सला स्वतःचा वेगळा कोटा दिलेला आहे, त्याला डेटाबेसचा कोटा कधीच लागू होत नाही. ‘साहेबांचा मेलबॉक्स अजून भरलेलाच दाखवतो’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

तात्पुरता डेटाबेस बनवत असाल तर ‘-इजएक्स्क्लूडेडफ्रॉमप्रोव्हिजनिंग $ट्रू’ लावून ठेवा. नाहीतर नवा मेलबॉक्स बनवताना कोणी डेटाबेसचं नाव दिलं नाही की एक्स्चेंज आपणहून कुठलाही निवडतं, आणि नव्या भरतीतले चार जण तुमच्या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतात.

जागा बदलणं

इन्स्टॉल करताना बनलेला पहिला डेटाबेस सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्सच्या आत असतो आणि त्याचं नाव लांबलचक आकड्याचं असतं. नाव ‘सेट-मेलबॉक्सडेटाबेस’ला ‘-नेम’ देऊन बदलता येतं, पण त्याने फोल्डर आणि फाइलचं नाव बदलत नाही. त्यासाठी ‘मूव्ह-डेटाबेसपाथ’ वापरायची, ‘-ईडीबीफाइलपाथ’ आणि ‘-लॉगफोल्डरपाथ’ दोन्ही देऊन. ही कमांड डेटाबेस आपणहून डिसमाउंट करते, फाइली हलवते आणि पुन्हा माउंट करते. १५० जीबीची फाइल हलेपर्यंत त्यातल्या कोणालाही मेल मिळणार नाही. डॅगमध्ये ज्याच्या प्रती आहेत तो डेटाबेस असा हलवता येत नाही, आधी प्रती काढाव्या लागतात. फाइली हाताने आधीच हलवल्या असतील तर ‘-कॉन्फिगरेशनओन्ली’ जोडायचं, म्हणजे फक्त नोंद बदलते.

लॉगची डिस्क भरली

नेहमीचं चित्र असं. दिवाळीच्या सुट्टीत बॅकअप तीन रात्री अडकला, कोणी पाहिलं नाही, आणि सोमवारी सकाळी डेटाबेस डिसमाउंट. इव्हेंट लॉगमध्ये उणे ५२९ हा आकडा, म्हणजे लॉगची डिस्क भरली. फोल्डरमध्ये हजारो फाइली दिसतात आणि हात डिलीटकडे जातो. तिथेच थांबायचं. जेआरएस शेवट असलेल्या फाइलीही कचरा समजून उडवू नका, त्या राखीव लॉग आहेत.

आधी ईएसईयुटिल या डेटाबेस तपासायच्या साधनाने ईडीबीचं हेडर, म्हणजे फाइलची स्वतःबद्दलची माहिती, वाचा. डेटाबेस डिसमाउंट असेल तरच हे जमतं. माउंट असेल तर फाइल उघडता येत नाही म्हणून उणे १०३२ येतं.

ईएसईयुटिल /एमएच डी:\डीबी०२\डीबी०२.ईडीबी

लांबलचक मजकुरातल्या दोन ओळी शोधायच्या. समजा त्या अशा आहेत:

स्टेट: डर्टी शटडाउन
लॉग रिक्वायर्ड: २१०४५-२१०६५ (०एक्स५२३५-०एक्स५२४९)

म्हणजे ५२३५ ते ५२४९ या लॉगमधल्या नोंदी अजून खतावलेल्या नाहीत. फाइलींची नावं ‘ई००’ (दुसऱ्या डेटाबेसची ई०१, ई०२ अशीही; आपल्या फोल्डरमध्ये दिसेल तीच सगळीकडे वापरा) आणि पुढे आठ अंक अशी असतात, उदाहरणार्थ ई००००००५२३५.लॉग. इथे एक खाच आहे. नावातला आकडा सोळाच्या पायाचा (हेक्साडेसिमल) असतो. ५२३९ नंतर ५२४० येत नाही, ५२३ए येते, मग ५२३बी, आणि ५२३एफ नंतर ५२४०. त्यामुळे ५२३५ ते ५२४९ या पंधरा फाइली नव्हेत, एकवीस आहेत. फाइली मोजताना कंसाबाहेरचे दशमान आकडे घ्या, नाव जुळवताना कंसातले. आणखी एक: शेवटची फाइल अनेकदा नुसत्या ई००.लॉग या नावाने असते, कारण चालू लॉगला भरेपर्यंत क्रमांक मिळत नाही. ती कितवी आहे ते ‘ईएसईयुटिल /एमएल ई००.लॉग’ सांगतं. त्यातली ‘एलजनरेशन’ची ओळ पाहा.

आता जागा करायची. ५२३५ च्या आधीच्या, म्हणजे लहान क्रमांकाच्या फाइली ईडीबीमध्ये उतरलेल्या आहेत. त्यांतल्या सर्वांत जुन्या काही हजार दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवा. डिलीट करू नका, हलवा. जुना बॅकअप परत आणायची वेळ आली तर याच फाइली लागतील. सीमारेषेच्या अगदी जवळ जाऊ नका, पाचशेएक फाइलींचं अंतर राखा. डॅग असेल तर दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीला जुने लॉग अजून हवे असू शकतात, तिथे आधी ‘गेट-मेलबॉक्सडेटाबेसकॉपीस्टेटस’ने रांगा पाहा. जागा झाली की ‘माउंट-डेटाबेस डीबी०२’. माउंट होताना एक्स्चेंज उरलेल्या नोंदी आपणच खतावून घेतं. मग लगेच पूर्ण बॅकअप घ्यायचा, कारण मधले लॉग हलवल्यामुळे इन्क्रिमेंटल बॅकअप बिनसणार आहे.

बॅकअप का अडकला तेही पाहायला हवं. ‘व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स’ या कमांडच्या यादीत मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज रायटर (बॅकअपसाठी डेटा तयार करून देणारा भाग) ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ दिसायला हवा. हा रायटर एक्स्चेंजच्या रेप्लिकेशन सर्व्हिसमध्ये राहतो. तो फेल्ड दिसला तर ती सर्व्हिस रीस्टार्ट करून पुन्हा पाहा. यादीतून रायटरच गायब असेल तर सर्व्हिस बंद आहे.

दोन आडवाटा लोक सुचवतात. एक, सर्क्युलर लॉगिंग:

सेट-मेलबॉक्सडेटाबेस डीबी०२ -सर्क्युलरलॉगिंगएनेबल्ड $ट्रू

एकट्या सर्व्हरवर हे डेटाबेस डिसमाउंट-माउंट केल्यावरच लागू होतं. लॉग मग आपोआप पुसले जातात, पण किंमत मोठी आहे: डिस्क गेली तर कालच्या बॅकअपपर्यंतच परत जाता येईल, आजची मेल गेली. प्रचंड मेलबॉक्स हलवण्याच्या रात्रीपुरतं ठीक, कायमचं नको. दुसरी वाट डिस्कशॅडोची. त्यात सर्व्हरला बॅकअप झाल्याचं भासवून लॉग कापून घेतात. डिस्क मोकळी होते खरी, पण हातात प्रत काहीच राहत नाही. ज्याने हे केलं त्याने त्याच दिवशी खरा बॅकअप घ्यावा.

आणि लॉग नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट वेगाने बनत असतील तर डिस्क वाढवण्याआधी कारण शोधा. २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ६.१ मधल्या कॅलेंडरच्या दोषामुळे जगभरच्या एक्स्चेंज सर्व्हरवर लॉगचे ढीग लागले होते. ६.१.२ मध्ये तो दुरुस्त झाला. ‘गेट-स्टोअरयूसेजस्टॅटिस्टिक्स -डेटाबेस डीबी०२’ ही कमांड त्या क्षणी कोणता मेलबॉक्स सर्व्हरला सर्वांत जास्त राबवतोय ते दाखवते. आकड्यांत एकच नाव पुन्हा पुन्हा वर आलं की त्या माणसाचा फोन तपासायचा.

डर्टी शटडाउन आणि माउंट होत नाही

नुसत्या डर्टी शटडाउनला घाबरू नका. वीज गेल्यावर ते साहजिक आहे आणि लॉग जागेवर असतील तर साधं माउंटच ते निस्तरतं. माउंट नाकारलं तर काहीही करण्याआधी ईडीबी आणि लॉगचा पूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. तासभर जातो म्हणून लोक ही पायरी गाळतात आणि पुढे आठवडाभर पस्तावतात.

मग लॉगच्या फोल्डरमध्ये जाऊन साखळी तपासा:

ईएसईयुटिल /एमएल ई००

हे ई०० ने सुरू होणारा प्रत्येक लॉग क्रमाने वाचतं आणि मधला गहाळ किंवा खराब असेल तर सांगतं. ‘लॉग रिक्वायर्ड’मधला गहाळ असेल तर तो शोधायचा: बॅकअपमध्ये, अँटीव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये. ही दुसरी जागा लोक सहसा पाहत नाहीत. डेटाबेस आणि लॉगचे फोल्डर स्कॅनमधून वगळलेले नसतील तर अँटीव्हायरस चालू लॉगच उचलून नेऊ शकतो. साखळी पूर्ण झाली की:

ईएसईयुटिल /आर ई०० /डी डी:\डीबी०२

यानंतर पुन्हा /एमएच करून ‘क्लीन शटडाउन’ आलं का पाहायचं. उणे ५४३ आलं तर हवा असलेला लॉग अजूनही नाही. उणे ५०१ म्हणजे लॉग आहे पण खराब आहे. उणे १०१८ मात्र वेगळ्या जातीचं. डिस्कवरून वाचलेलं पान आणि त्याचा चेकसम (ताळ्याचा आकडा) जुळत नाही, म्हणजे दोष बहुतेक वेळा डिस्क, कंट्रोलर किंवा त्याच्या फर्मवेअरमध्ये असतो. अशा वेळी त्याच डिस्कवर दुरुस्ती करत बसणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. डेटाबेस दुसऱ्या डिस्कवर नेऊन मगच पुढे जा.

हेडरमध्ये ‘लॉग कमिटेड’ अशीही एक ओळ असते. ‘रिक्वायर्ड’मधले सगळे लॉग आहेत, पण ‘कमिटेड’मधला शेवटचा एखादा गेला, अशी स्थिती असेल तर वरच्याच कमांडला ‘/ए’ जोडून तेवढ्या शेवटच्या नोंदी सोडून देता येतात. दोन-चार मेल जातील, डेटाबेस वाचेल.

/पी हा रिपेअरचा स्विच इंटरनेटवर पहिला सुचवला जातो आणि शेवटी वापरायचा असतो. जे पान वाचता येत नाही ते फेकून उरलेलं जोडणं, एवढंच तो करतो. बॅकअप असेल तर /पी च्या वाटेला जाऊच नये. नसेलच, आणि तो करावा लागला, तर हेडरमधला ‘रिपेअर काउंट’ शून्याचा एक होतो. २०१५ पासून मायक्रोसॉफ्टचा नियम असा की असा डेटाबेस पुढे चालवायचा नाही. तो माउंट करायचा, सगळे मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवायचे आणि जुना काढून टाकायचा.

एखाद्याच मेलबॉक्समध्ये फोल्डरची संख्या चुकीची दिसते किंवा सर्च बिनसला आहे, अशा वेळी ईएसईयुटिलचं काम नाही. ‘न्यू-मेलबॉक्सरिपेअररिक्वेस्ट’ डेटाबेस चालू असताना ते करते. आधी ‘-डिटेक्टओन्ली’ लावून दोष खरंच आहे का ते पाहा.

आकार कमी करायचा असेल तर

/डी हा ऑफलाइन डीफ्रॅगचा स्विच. गोंधळ नको म्हणून सांगायला हवं: वर /आर सोबत आलेला /डी फक्त फोल्डर दाखवतो, हा वेगळा. यात पूर्ण नवी ईडीबी लिहिली जाते, त्यामुळे होणाऱ्या आकाराच्या ११० टक्के मोकळी जागा लागते, काम संपेपर्यंत मेल बंद, आणि डेटाबेसची सही बदलल्याने जुने लॉग आणि जुने बॅकअप त्याच्याशी जुळत नाहीत. नवा डेटाबेस बनवून मेलबॉक्स तिकडे हलवणं हाच शहाणपणाचा मार्ग. लोक काम करत राहतात आणि फाइल मुळातूनच नवी होते.

गेट-मेलबॉक्स -डेटाबेस डीबी०१ -रिझल्टसाइज अनलिमिटेड | न्यू-मूव्हरिक्वेस्ट -टार्गेटडेटाबेस डीबी०२ -बॅचनेम रात्र१
गेट-मूव्हरिक्वेस्ट | गेट-मूव्हरिक्वेस्टस्टॅटिस्टिक्स

‘-रिझल्टसाइज अनलिमिटेड’ नसेल तर पहिले हजारच मेलबॉक्स येतात. आणि डीबी०२ च्या लॉगच्या डिस्कचा हिशेब आधी मांडा. हललेली प्रत्येक मेल तिकडच्या कीर्दीत लिहिली जाते, म्हणून १०० जीबी हलवले की साधारण १०० जीबी लॉग, म्हणजे लाखभर फाइली. सगळं एका रात्रीत न रेटता डिस्कला झेपेल तेवढं हलवा, बॅकअप घ्या, लॉग कापले गेल्याची खात्री करा, मग पुढची बॅच. पूर्ण झालेल्या रिक्वेस्ट ‘रिमूव्ह-मूव्हरिक्वेस्ट’ने साफ करा. त्या पडून राहिल्या तर तोच मेलबॉक्स पुन्हा हलवताना शेल नकार देतं.

हलवल्यावर डीबी०१ रिकामा झालेला दिसत नाही म्हणून गोंधळू नका. जुनी प्रत ‘सॉफ्टडिलीटेड’ म्हणून मेलबॉक्स रिटेन्शनची मुदत संपेपर्यंत तिथेच राहते. ही मुदत मुळात ३० दिवसांची आहे आणि नवी प्रत बिघडली तर तेवढाच आधार. घाई नसेल तर राहू द्या.

शेवटी डीबी०१ काढताना ‘रिमूव्ह-मेलबॉक्सडेटाबेस डीबी०१’ जवळजवळ नक्की अडतं, आत अजून मेलबॉक्स आहेत म्हणून. साध्या ‘गेट-मेलबॉक्स’मध्ये ते दिसत नाहीत. त्यामुळे ‘गेट-मेलबॉक्स -डेटाबेस डीबी०१’ला एकेक करून ‘-आर्बिट्रेशन’, ‘-आर्काइव्ह’, ‘-पब्लिकफोल्डर’ आणि ‘-ऑडिटलॉग’ लावून पाहा आणि जे सापडेल तेही हलवा. त्यातले आर्बिट्रेशन मेलबॉक्स एक्स्चेंजच्या स्वतःच्या कामाचे असतात. ते डिसेबल करून वाट मोकळी करू नका, मंजुरीच्या मेल आणि ऑफलाइन ॲड्रेस बुक त्यांच्यावर चालतं. डेटाबेस निघाला तरी ईडीबी आणि लॉग डिस्कवर तसेच राहतात, कमांड फक्त नोंद काढते. पुढचे एक-दोन पूर्ण बॅकअप नीट झाल्याचं पाहिलं की तो फोल्डर हाताने डिलीट करा.